रंगाआधीचे ८२ दिवस : आमच्या फायबर बोटीचं आतलं काम

२०२५च्या फेब्रुवारीत हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला आमच्या बोटीची सुरमई मांडली होती. नेहमीच्या व्यापाऱ्याने एक मासा उचलला, पोटाखालून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला चिकटलेली पांढरी खपली मला दाखवली. "हा बर्फ नाही रे, रंग आहे." तो ओरडला नाही, भावही फारसा पाडला नाही. पण बाबा शेजारीच उभे होते आणि त्यांनी मान खाली घातली. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला मासळीवरून कोणी बोलावं, हे मला फार लागलं. त्याच रात्री टॉर्च घेऊन बर्फाच्या खणात उतरलो. भिंतीवरचा रंग नखानं सुटत होता. एका ठिकाणी तर तळहाताएवढा पापुद्रा हातात आला आणि त्याच्या मागे पाणी होतं.

बोट ३४ फुटी, २०१४ची, गिलनेटची, म्हणजे मासा कल्ल्यात अडकवणाऱ्या जाळ्याची. पुढच्या टोकाला, नाळीजवळ, सामानाचा कप्पा, मधे बर्फाचे दोन खण, मागे इंजिनरूम आणि वर छोटी केबिन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ती बाजूच्या बोटीवर घासली. तेव्हा बाहेरची दुरुस्ती नीट केली आणि आतून मात्र हंगामाच्या घाईत दोन दिवसांत ऑईल पेंट फिरवून घेतला. तोच रंग आता मासळीला चिकटत होता.

बाहेरच्या रंगाबद्दल बंदरावर कोणीही सांगेल. आतल्या कामाबद्दल विचारलं की "घासायचं आणि मारायचा", एवढंच उत्तर मिळतं. आम्हाला या "घासायचं"लाच ८२ दिवस लागले. त्यातले निम्मे दिवस माहिती नसल्यामुळे आणि पावसामुळे गेले. पाऊस कोणाच्या हातात नाही, पण माहिती असती तर बरेच दिवस वाचले असते, म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतोय.

पहिला प्रश्न होता, कधी करायचं? मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. बोट मोकळी असते ती नेमकी तेव्हाच, आणि कोकणातली हवा सगळ्यात ओली असते तीही तेव्हाच. दोन डब्यांच्या, म्हणजे रंग आणि हार्डनर ऐनवेळी एकत्र करून मारायच्या, इपॉक्सी प्रायमरच्या डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं. जूनमध्ये आमच्याकडे आर्द्रता नव्वदच्या आसपास असते. ऑक्टोबरची कडक उन्हं उत्तम, पण तेव्हा हंगाम भरात. शेवटी मे महिना सोडायचं ठरवलं. मे सोडणं म्हणजे महिनाभराची कमाई सोडणं. घरी दोन रात्री त्यावरच बोलणं चाललं होतं. बाबाच म्हणाले, "खपली खाल्लेली सुरमई विकण्यापेक्षा महिनाभर घरी बसू."

२७ एप्रिलला चैत्र अमावस्या होती. २८ च्या पहाटेच्या उधाणाला आंजर्ले खाडीत बोट काठावर घेतली. दोन ट्रॅक्टर, वाडीतली चौदा माणसं, नाश्ता-चहा धरून ७,५०० रुपये गेले. खाडीकाठच्या जागेसाठी आधी मच्छीमार सोसायटीत अर्ज दिला होता. सोबत नौका नोंदणीची आणि परवान्याची प्रत जोडली, ५०० रुपये भरले आणि पावती घेतली. दुसरा अर्ज मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात दिला. बोटीची लांबी, इंजिन किंवा प्रकार बदलत नसेल तर नव्यानं नोंदणी लागणार नाही, असं तिथे तोंडी सांगितलं. तरी "आतील दुरुस्ती व रंगकाम, कालावधी अंदाजे दीड महिना" असा एक साधा अर्ज दोन प्रतींत देऊन एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. त्याचा पुढे उपयोग झाला : जूनमध्ये डिझेल कोट्याच्या नोंदीसाठी बोट मे महिन्यात बंद का होती ते विचारलं गेलं, तेव्हा ती पोच दाखवली आणि पाच मिनिटांत विषय संपला. विजेच्या तात्पुरत्या जोडणीचा अर्ज मात्र आम्ही उशिरा केला. अनामत, घरमालकाची संमती, कंत्राटदाराचा चाचणी अहवाल, असं सगळं धरून नऊ दिवस लागले. हा अर्ज बोट ओढायच्या आधी पंधरा दिवस करून ठेवा.

३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, नारळ फोडून कामाला हात घातला. बोट रिकामी करायलाच चार दिवस गेले. जाळी, दोऱ्या, बोयरी, बॅटरी, डिझेलची टाकी, वायरिंग, खणांची झाकणं. प्रत्येक वायर सोडवण्याआधी फोटो काढला आणि तिच्यावर कापडी चिकटपट्टी लावून पेननं नंबर टाकला. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव. हे कंटाळवाणं काम आहे, पण ऑगस्टमध्ये परत जोडताना एकही वायर शोधावी लागली नाही. जे काढता येतं ते काढाच. पट्टी लावून कडेकडेनं रंग मारला की रंग सुटायला सुरुवात तिथूनच होते.

मग धुणं. फायबरच्या पृष्ठभागावर मीठ राहिलं आणि वर रंग बसला, की ते मीठ रंगाच्या थरातून ओल ओढून घेतं आणि काही महिन्यांत फोड येतात. त्यामुळे खारं पाणी चालत नाही, गोडंच लागतं. आणि मे महिन्यात आमच्या वाडीत प्यायच्या पाण्याला रांग असते. विहिरीचं पाणी बोट धुवायला मागायची लाज वाटली, म्हणून टँकर मागवले. तीन टँकर, प्रत्येकी १,४०० रुपये. साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासायचं, वरून खाली सोडायचं, तळाशी साचलेलं पाणी पंपानं काढायचं, पुन्हा तेच. पहिल्या दिवशी तळातून निघालेलं पाणी काळं होतं आणि त्यात अकरा वर्षांचे खवले होते. पाणी सुकल्यावर कोपऱ्यात पांढुरकी साय दिसली तर मीठ अजून आहे असं समजायचं. आमच्याकडे ती चौथ्या धुण्याला गेली. केबिनच्या छताला काळी बुरशी होती. तिला पाणी घातलेलं ब्लीच लावून दहा मिनिटं ठेवलं आणि भरपूर पाण्यानं काढलं. ब्लीच वापरताना सगळी झाकणं उघडी ठेवा आणि त्यात अॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. त्यातून निघणारा वायू बंद जागेत जिवावर बेततो.

आमची मोठी चूक ७ मेला झाली. बोट धुतलेली होती, सुकलेली दिसत होती, शेजाऱ्यांच्या मीटरवरून वीज घेतली होती, ५,२०० रुपयांचा नवा सँडर, म्हणजे विजेवर घासायचं यंत्र, हातात होता. चुलतभाऊ आणि मी दोन दिवसांत केबिन आणि अर्धी इंजिनरूम ८० नंबरच्या सँडपेपरनं घासून काढली. भिंती छान मॅट दिसायला लागल्या. ११ तारखेला प्रायमरचा एक हातभर चौकोन मारून बघितला. बुद्धपौर्णिमेला सकाळी जाऊन बघतो तर त्या चौकोनात जागोजागी गोल खळगे. प्रायमर मागे सरकून मधे जुनं फायबर उघडं पडलेलं, नेमके माशाच्या डोळ्यासारखे. बोटाचं नख लावलं तर कडेनं पापुद्रा निघाला.

फायबरचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेले. त्यांनी भिंतीला हात लावला नाही, प्यायच्या बाटलीतलं पाणी हातावर घेऊन भिंतीवर शिंपडलं. पाण्याचे टपोरे मणी झाले आणि घरंगळत खाली आले.

"अळवाच्या पानावर बघितलंयस ना? तसंच हे. इथं पाणी धरत नाही, तर रंग काय धरणार?"

मग त्यांनी समजावलं ते मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. बोटीच्या आतल्या फायबरवर शेवटचा जो थर असतो त्या टॉपकोटमध्ये मेण असतं. पॉलिएस्टर रेझिन हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतं. ते नीट सुकावं म्हणून रेझिनमध्ये मेण घालतात, ते वर तरंगून हवा रोखतं. शिवाय इंजिनरूममध्ये डिझेल, खणात मासळीचं तेल. हे सगळं न काढता घासलं की सँडर ते तेल-मेण ओरखड्यांच्या आत नेऊन भरतो. "आधी धू, मग पूस, मग घास. घासून पुसशील तर तेल आत जिरवून बसशील." साबणाचं धुणं मीठ आणि चिखल काढतं. मेण काढायला सॉल्व्हंट लागतं आणि ते सँडरच्या आधी लागतं.

पाच दिवसांचं काम वाया गेलं होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मिस्त्रींना सोडायला स्टँडवर गेलो आणि तिथेच बाकावर बराच वेळ बसून राहिलो. मे महिना निम्मा संपत आला होता.

पुसायची पद्धत दोन फडक्यांची. एक फडकं अॅसिटोननं ओलं, दुसरं कोरडं. ओल्यानं हातभर जागा पुसायची आणि ती सुकायच्या आत कोरड्यानं उचलून घ्यायची. सुकू दिलं की विरघळलेलं मेण पुन्हा तिथेच बसतं. फडकी जुनी सुती हवीत, रंग न जाणारी, आणि दर चार-पाच हातांनी घडी बदलायची. एकच फडकं दिवसभर वापरलं तर तेल इकडून तिकडे फिरत राहतं. दहा लिटर अॅसिटोन गेलं, १,४५० रुपयांचं. दर भिंत झाली की पाणी शिंपडून बघायचो. ज्या दिवशी पाणी मणी न होता एकसंध पातळ पसरलं आणि तसंच राहिलं, त्या दिवशी त्या भिंतीवर खडूनं फुली. इंजिनरूमच्या मागच्या भिंतीला सहा वेळा पुसावं लागलं.

सुरक्षिततेचं इथेच सांगतो. अॅसिटोनची वाफ जड असते, बोटीच्या तळाशी साचते आणि ठिणगीनं पेटते. त्या दिवशी हॅलोजन नाही, सँडर नाही, विडी तर नाहीच. बॅटरी आधीच बाहेर असली पाहिजे. झाकणं उघडी, एक माणूस कायम वर डेकवर. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो, तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. दोन मास्क आणि जादा कार्ट्रिज यांचे ६,४०० रुपये झाले आणि या कामातला सगळ्यात योग्य खर्च तोच होता.

जुना ऑईल पेंट काढायला मला दोघांनी केमिकल रिमूव्हर सुचवलं होतं. बरं झालं, घेतलं नाही. लोखंडावरचा रंग काढायची जी तीव्र रसायनं असतात ती खालचं रेझिनही मऊ करतात. कुठला रंग आहे ते कळायला थिनरचं फडकं पाच मिनिटं दाबून ठेवायचं. रंग मऊ होऊन फडक्याला आला तर साधा एका डब्याचा, नाही आला तर दोन डब्यांचा. आमचा लगेच मऊ झाला. सुटणारा सगळा रंग पत्र्याच्या पट्टीनं खरवडला आणि उरलेला नंतर सँडरनं काढला.

१५ मेपासून मिस्त्री रोज यायला लागले, दिवसाला १,६०० रुपये. पहिल्या दिवशी त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. खिशातून एक रुपयाचं जुनं जड नाणं काढलं आणि बर्फाच्या खणाच्या भिंतीवर वाजवत निघाले. टण, टण, टण. दर चार बोटांवर एकदा. डोळे मिटलेले. उजव्या खणाच्या मागच्या भिंतीला आवाज बदलला : ठप. पुन्हा वर टण, खाली ठप. ती सीमा त्यांनी पेन्सिलनं आखत नेली. शेवटी भिंतीवर एखाद्या नकाशासारखा आकार उमटला, रुंदीला दीड हात, उंचीला गुडघ्याएवढा. तिथे फायबरचे थर एकमेकांपासून सुटले होते.

त्या आकाराच्या तळाशी त्यांनी ड्रिलनं एक भोक पाडलं. आधी काहीच झालं नाही. मग भोकाच्या कडेला तपकिरी थेंब जमला, लांबला, आणि त्याची धार लागली. खाली लावलेली बादली अर्धी भरली. वास असा की चुलतभाऊ उलटी करायला वर गेला. बर्फाच्या खणाच्या दोन भिंतींच्या मधे थंडावा टिकवायला पीयूएफचा (पॉलियुरेथेनचा) फोम भरलेला असतो. झाकणाच्या बिजागरीच्या स्क्रूमधून किती वर्षं पाणी आत झिरपत होतं कोण जाणे. फोम स्पंजासारखा भिजला होता. बाबा कधीपासून म्हणत होते की बोट उजवीकडे किंचित बसते. आम्ही जाळ्याचं वजन म्हणायचो.

रंग का सुटत होता ते तेव्हा पुरतं कळलं. वरून मेण आणि आतून पाणी. भिंत कापून ओला फोम खरवडून काढला, एकूण सात पोती. ही पोती आणि नंतरची सगळी धूळ गावाच्या कचरा डेपोवर नेऊन दिली. फायबर आणि फोम किनाऱ्यावर पुरू नका आणि जाळू तर अजिबात नका, तो धूर फार विषारी असतो.

आता भिंती सुकायला उन्हं हवी होती आणि उन्हं संपली. २० मेनंतर पाऊस सुरूच झाला. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि २४ मेला दुपारच्या सुमारास रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आला, म्हणजे आमच्या डोक्यावरच. आदल्या रात्री आम्ही तिघं बोटीवर होतो. बांबूवर बांधलेल्या ताडपत्रीच्या दोन कड्या तुटल्या, आणि उघड्या खणात पाणी गेलं. दोन दिवसांनी, २६ मेला, मान्सून मुंबईत पोहोचला, नेहमीच्या ११ जूनऐवजी. ज्या महिन्यासाठी कमाई सोडली तो महिनाच गेला.

पूर्वी लाकडी होड्या पावसाळ्यात झावळ्यांनी शाकारून ठेवायचे. सांध्यांत कापूस ठासायचा, लाकडाला मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल द्यायचं आणि वर झावळ्यांचं छप्पर. बाबांनी तसंच शाकारायचं ठरवलं. ताडपत्री उंच, मधे कणा, दोन्ही बाजूंना चांगला उतार, आणि वर झावळ्यांचा थर. त्यामुळे वाऱ्यात ताडपत्री फडफडत नाही. महत्त्वाचं म्हणजे पुढची आणि मागची तोंडं उघडी. आम्ही आधी चारही बाजूंनी गच्च बांधलं होतं, तर आतला दमटपणा आतच कोंडला होता. वाहती हवा लागते. पुढे एक पंखा आत फुंकणारा आणि मागे एक बाहेर ओढणारा ठेवला. दोन हॅलोजन खणात लावले. ओल्या जागेत वीज खेळवायची म्हणून ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. तो दोनदा पडला, म्हणजे दोनदा कोणाला तरी वाचवून गेला.

भिंत सुकली की नाही हे हाताला कळत नाही. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा भिंतीवर चारही कडांनी पट्टी लावून हवाबंद चिकटवायचा आणि एक दिवस ठेवायचा. आतल्या बाजूनं थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. २ जूनला लावला, थेंब. ९ ला लावला, थेंब. १७ ला कडेला धुकं. रोज सकाळी आधी ते प्लास्टिक बघायला जायचो आणि तोंड पाडून यायचो. आई मला म्हणाली, "परीक्षेचा निकाल असल्यासारखा जातोस रोज." २७ जूनला प्लास्टिक कोरडं निघालं. खात्री म्हणून जागा बदलून २८ ला पुन्हा लावलं. कोरडंच.

मग मिस्त्रींनी नवा फोम बसवला आणि त्यावर ४५० ग्रॅमच्या चॉप मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, तीन थर दिले. रेझिन, मॅट, हार्डनर, फोम मिळून २१,००० रुपये. एक गोष्ट जीव तोडून सांगतो. रेझिनमध्ये कोबाल्ट (ते लवकर कडक व्हावं म्हणून) आणि हार्डनर असं दोन्ही पडतं, पण ते एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, स्फोटासारखी आग होते. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोन्ही बाटल्या वेगळ्या जागी ठेवायच्या आणि हार्डनर हाताळताना चष्मा लावायचा, डोळ्यात एक थेंब गेला तरी दृष्टी जाऊ शकते. आणि पुढे कधी दुरुस्ती करणार असाल तर लक्षात ठेवा : जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी बसतं, पण सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

बिजागरीची जुनी स्क्रूची भोकं मोठी करून रेझिननं भरली आणि नवी भोकं त्या भरलेल्या जागेत पाडली. आता स्क्रू सैल झाला तरी पाणी फोमपर्यंत जाणार नाही. सगळ्या बोटीत मला सर्वांत समाधान देणारं काम हे एवढंसं आहे.

५ जुलैपासून घासणं. ८०, मग १२०, मग १८०. ज्यांनी हे केलंय त्यांना खाज म्हणजे काय ते माहीत असेल. अंगावर उठत नाही, आत टोचत राहते. उपाय असा : कामाला जायच्या आधी मनगटं, मान, कोपरांना भरपूर पावडर लावायची, बाह्यांच्या टोकांना पट्टी गुंडाळायची. घरी आल्यावर आधी गार पाण्यानं अंघोळ. गरम पाण्यानं त्वचेची छिद्रं उघडून काचेचे तुकडे आत जातात, असं मिस्त्री म्हणाले. ते खरं असो नसो, गार पाण्यानं आम्हाला आराम पडला. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. कोपऱ्यांत सँडर जात नाही, तिथे हातानं. चमक हाच शत्रू. टॉर्च भिंतीला आडवी धरली की राहिलेली चमकदार बेटं दिसतात, तिथे रंग सुटणार. १४ जुलैला शेवटचं बेट गेलं.

खणांबद्दल एक निर्णय सांगायचा राहिला. केबिन, इंजिनरूम आणि नाळीचा कप्पा यांना इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. मासळीच्या खणांना मात्र रंगच द्यायचा नाही. तिथे फायबरचाच पांढरा टॉपकोट दिला. तो पूर्ण कडक होऊन रेझिनचा वास जाईपर्यंत दोन आठवडे झाकणं उघडी ठेवली आणि तीनदा धुतला. मासळीला रंग लागण्याचा प्रश्नच मुळातून संपवला.

१८ जुलैला सगळी धूळ व्हॅक्यूमनं ओढून घेतली. झाडूनं झाडली की ती उडून पुन्हा बसते. मग परत दोन फडकी, परत पाणी शिंपडणं. चारशे रुपयांचा एक आर्द्रतामापक आणला होता. बाहेर ९१, आत पंखे आणि हॅलोजन चालू ठेवून ७६. पुन्हा प्रायमरचा हातभर चौकोन मारला, एक दिवस ठेवला. त्यावर ब्लेडनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या, चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढली. पट्टी स्वच्छ निघाली. ती पट्टी मी पाकिटात ठेवली आहे.

तोवर खर्च ९५,८५० रुपये झाला होता. यात मिस्त्रींचे ११ दिवस आणि चुलतभावाच्या २४ दिवसांची मजुरी आली. प्रायमर आणि रंगाचे २३,००० वेगळे. म्हणजे प्रत्यक्ष रंगाच्या चौपट पैसे रंग उघडायच्या आधी. तुमची बोट लहान असेल, खण कोरडे असतील तर यापेक्षा खूप कमी लागेल, पण दुरुस्तीसाठी हाताशी रक्कम ठेवूनच भिंतीला नाणं लावा.

२० जुलैला सकाळी पाऊस थांबला होता. हॅलोजन बंद करून अर्धा तास झाला होता. मी प्रायमरचे दोन्ही डबे मोजून ठेवले, चुलतभाऊ रोलर सोडवत होता. बाबा शिडीनं उजव्या खणात उतरले. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक रुपया काढला आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात केली. मिस्त्रींसारखेच डोळे मिटून. आम्ही वर थांबलो. चारही भिंती, मग तळ, मग दुसरा खण, मग इंजिनरूम. पाऊण तास खालून फक्त टण, टण येत होतं. मधे एकदा ते थांबले, त्याच जागी पुन्हा दोनदा वाजवलं, आणि पुढे गेले.

वर आल्यावर नाणं खिशात टाकत म्हणाले, "ओत."